शितावरून भाताची परीक्षा : रक्तातल्या युरियाची गोष्ट



गावात आरोग्य शिबिर झालं, रक्ततपासणीचे कागद हातात आले, की आमच्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, इथं युरिया लिहिलाय. आपण उसाला टाकतो तोच का हा? मग तो रक्तात कसा गेला?" कुणी म्हणतं, खतावरच्या भाज्या खाल्ल्यामुळं. कुणी म्हणतं, छापताना चूक झाली असेल. आज या प्रश्नाचं उत्तर आपण नीट समजून घेऊ. त्यासाठी जवळजवळ अडीचशे वर्षं मागं जावं लागेल. पण गोष्ट मोठी गमतीची आहे आणि शेवटी ती आपल्या हातातल्या कागदावरच येऊन थांबते.

आधी सरळ उत्तर सांगतो. पदार्थ तोच. पण रक्तातला युरिया खताच्या गोणीतून आलेला नसतो, तो आपलं शरीरच तयार करतं. डाळ, दूध, अंडी, मटण यांतून आपल्याला प्रथिनं मिळतात. ती वापरून झाली की मागं अमोनिया उरतो. अमोनिया शरीराला विषारी. म्हणून आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, त्याचा युरिया करून टाकतं. तो रक्तातून मूत्रपिंडाकडं, म्हणजे किडनीकडं जातो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून खताचा युरिया बनतो. आपलं यकृतही याच दोन गोष्टींपासून युरिया बनवतं, फक्त चिमणी आणि धूर नसतो. तेव्हा रक्तात युरिया असणं हा आजार नाही. प्रश्न असतो तो किती आहे, याचा. आणि हे 'किती' मोजायला माणसाला फार काळ लागला.

युरिया पहिल्यांदा सापडला तो लघवीत. १७७३ साली फ्रान्समधल्या रुएल नावाच्या रसायनतज्ज्ञानं लघवी आटवली. आपण उसाचा रस आटवून गूळ करतो, तशीच. त्यातून त्याला हा पदार्थ वेगळा काढता आला. त्याच्याही आधी हॉलंडमध्ये बोरहाव या डॉक्टरांनी हेच केलं होतं. त्या काळी लोकांना वाटे, की सजीवाच्या शरीरातले पदार्थ फक्त शरीरातच तयार होऊ शकतात, त्याला काही तरी जीवनशक्ती लागते. १८२८ साली जर्मनीतल्या फ्रीडरिश व्योलर यांनी या समजाला धक्का दिला. ते दुसराच एक क्षार बनवायला गेले आणि भांड्यात पांढरे स्फटिक उरले. तपासले तर तो चक्क युरिया. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या किडनीची गरज न पडता आपण युरिया बनवला, असं त्यांनी आपल्या गुरूंना, स्वीडनच्या बर्झेलियस यांना, आनंदानं पत्रातून कळवलं. पुढं खताचा युरिया कारखान्यात बनू लागला.

पण युरिया लघवीत येतो कुठून? बरेच दिवस वाटे, की किडनीच तो तयार करत असणार. १८२१च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात प्रेव्हो आणि द्युमा या दोघांनी याचा छडा लावला. त्यांनी जनावरांच्या किडन्या काढून टाकल्या आणि मग त्यांचं रक्त तपासलं. किडनी युरिया बनवत असती, तर किडनी काढल्यावर युरिया नाहीसा व्हायला हवा होता. झालं उलटंच. रक्तात युरिया साठत गेला. म्हणजे किडनी ही चूल नाही, गाळणी आहे. आज वाचताना त्या मुक्या जनावरांचं वाईट वाटतं. पण गाळणी तुंबली की गाळ रक्तात साठतो, हे त्यातूनच पहिल्यांदा कळलं.

हे ज्ञान रोग्याच्या खाटेपर्यंत आणलं ते लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी. अंगावर सूज आलेले अनेक रोगी त्यांच्याकडं येत. अशा रोग्याची लघवी ते चमच्यात घेत आणि मेणबत्तीवर तापवत. अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर घट्ट होतो, तशी ती लघवी गढूळ होऊन साकळायची. किडनीतून प्रथिनं गळत असल्याची ती खूण होती. असे रोगी दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांच्या किडन्या बिघडलेल्या दिसत. १८२७ साली ब्राइट यांनी हे पुस्तकात मांडलं. त्यानंतर दोनच वर्षांनी एडिंबरोच्या क्रिस्टिसन यांनी अशा रोग्यांच्या रक्तात युरिया दाखवून दिला. त्या काळी उपचार म्हणूनच रोग्याचं भरपूर रक्त काढत असत, आणि तपासणीलाही ते भरपूरच लागे.

इथं खरी अडचण समजून घ्या. लघवीत युरिया भरपूर असतो. प्रथिनं चांगली खाणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या लघवीतून २० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त युरिया जातो, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. पण १०० मिलिलिटर रक्तात तो असतो साधारण १५ ते ४० मिलिग्रॅम. स्वयंपाकात आपण घालतो त्या मिठाच्या चिमटीचाही हा लहानसा हिस्सा. इतकं थोडं मोजायचं कसं? एकोणिसाव्या शतकात लघवीसाठी एक युक्ती निघाली. लघवीत ब्रोमीनचं एक द्रावण मिसळलं की युरिया फुटून नायट्रोजन वायूचे बुडबुडे येत. ते खुणा केलेल्या काचेच्या नळीत धरायचे आणि वायू किती जमला त्यावरून युरियाचा हिशेब करायचा. ही पद्धत दवाखान्यांत पुष्कळ वर्षं चालली. पण सगळा वायू निघत नसे, आणि लघवीतले दुसरे पदार्थही थोडा वायू देत. तराजू होता, पण काटा जरा हलता होता.

नेमका काटा सापडला तो कडधान्यात! गोठ्यात सकाळी झाडायला गेलं की नाकात झोंबणारा वास येतो, तो आठवा. ताज्या गोमूत्राला तो तसा नसतो. मूत्र जमिनीवर पडून राहिलं की त्यातले जंतू युरिया फोडतात आणि अमोनिया सुटतो. ओल्या जमिनीवर युरिया फेकून तसाच उघडा ठेवला तरी हेच होतं आणि खताचे पैसे हवेत उडून जातात. युरिया फोडणाऱ्या या द्रव्याला युरिएज म्हणतात. ते मातीत असतं, जंतूंत असतं, आणि काही बियांतही असतं. १९०९ साली जपानच्या ताकेउची यांना ते सोयाबीनमध्ये सापडलं. तुरीत आणि कलिंगडाच्या बियांतही ते असतं.

१९१३ साली अमेरिकेतल्या मार्शल यांनी याचा तपासणीसाठी उपयोग केला. लघवीत किंवा रक्तात सोयाबीनचा अर्क घालायचा. युरिएज फक्त युरियाच फोडतं, बाकी कशाला हात लावत नाही. जेवढा अमोनिया निघेल तेवढ्यावरून युरियाचा नेमका हिशेब करायचा. पुढच्याच वर्षी व्हॅन स्लाइक आणि कलन यांनी युरिएजची टिकाऊ पूड बनवली. आता दवाखान्यात रोज सोयाबीन दळायची गरज उरली नाही, आणि थोड्याशा रक्तावर काम भागू लागलं. मराठवाड्यात, विदर्भात शिवारंच्या शिवारं सोयाबीननं भरलेली असतात. जगातल्या रक्ततपासणीची एक वाट याच दाण्यातून गेली, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

याच वाटेवर जेम्स समनर नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ भेटतात. ते मूळचे डावखुरे. सतरा वर्षांचे असताना शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हातच गेला. एका हातानं रसायनशाळेत काम जमणार नाही, दुसरं काही शिका, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी तो ऐकला नाही. उजव्या हाताला वळण लावलं आणि जॅक बीन नावाच्या शेंगेच्या दाण्यांतून शुद्ध युरिएज काढायच्या मागं लागले. ही शेंग म्हणजे आपल्या परसातल्या अबईची सख्खी बहीण. नऊ वर्षं झटल्यावर १९२६ साली त्यांना युरिएजचे स्फटिक मिळाले, आणि युरिएज हे एक प्रथिन आहे हे त्यांनी दाखवून दिलं. मोठमोठ्या पंडितांनी कितीतरी वर्षं ते मानलं नाही. शेवटी १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

यानंतर पद्धती सुधारत गेल्या. १९३९ साली आयर्लंडच्या फिअरन यांनी युरियापासून थेट रंग आणायची रीत सांगितली. रंग जितका गडद, तितका युरिया जास्त. आपल्याकडच्या लहान लॅबमध्येही ही गुलाबी रंगाची पद्धत खूप वर्षं वापरली गेली. १९५७ साली अमेरिकेतल्या स्केग्ज यांनी एकामागून एक नमुने आपोआप तपासणारं यंत्र आणलं. आजच्या यंत्रांत बहुतेक ठिकाणी पुन्हा युरिएजच असतं. उरलेलं काम प्रकाशाची तिरीप करते आणि रक्ताच्या एका थेंबाहूनही कमी भागात काम होतं.

पण मोजून उपयोग काय, उपचारच नसेल तर? तोही इतिहास याच मोजणीला जोडलेला आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना हॉलंडमधल्या कांपेन गावात विलेम कोल्फ नावाचे तरुण डॉक्टर होते. सॉसेज म्हणजे मांसाचा खिमा भरतात त्या सेलोफेनच्या नळीत त्यांनी थोडं रक्त घेतलं, त्यात युरिया मिसळला आणि नळी मिठाच्या पाण्यात हलवत ठेवली. थोड्याच वेळात जवळजवळ सगळा युरिया नळीतून पाण्यात उतरला होता. मोजता येत होतं म्हणूनच हे कळलं. त्यावरून त्यांनी १९४३ साली लाकडी पट्ट्यांचं फिरतं पिंप करून कृत्रिम किडनी बनवली. पहिले रोगी एकामागून एक गेले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई बेशुद्ध अवस्थेत आली आणि या यंत्रामुळं वाचली. आज आपण ज्याला डायलिसिस म्हणतो, त्याची ही सुरुवात. आपल्याकडं २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत सोय होऊ लागली. कुणाच्या घरी गरज असेल तर आधी तिथं चौकशी करा, मगच कर्जाचा विचार करा.

आता आपल्या देशातली एक गोष्ट. १९०८च्या सुमारास कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मॅकके नावाचे इंग्रज अमलातले प्राध्यापक होते. त्यांनी बंगालमधल्या विद्यार्थ्यांची आणि तुरुंगातल्या कैद्यांची लघवी तपासली. युरोपातल्या पुस्तकांत जो आकडा दिला होता, त्यापेक्षा इथं युरिया बराच कमी निघाला. किडनी वेगळी होती म्हणून नव्हे, तर ताटात प्रथिनं कमी होती म्हणून. त्यावरून त्यांनी कोणते लोक शूर आणि कोणते दुबळे अशी वर्गवारी केली, ती आज कुणी मानत नाही. पण मोजणी एक गोष्ट सांगून गेली : लघवीतला युरिया हा ताटाचा आरसा आहे.

मैत्रिणींनो, इथंच आपण नीट लक्ष द्यायचं आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरं. डॉक्टर युरियाच्या एका शितावरून किडनीची परीक्षा करतात. पण शीत कच्चं लागलं तर कारणं अनेक असतात. जाळ कमी असेल, पाणी कमी असेल, तांदूळच जुना असेल. युरियाचंही तसंच आहे.

पहिलं कारण पाणी. शरीरात पाणी कमी झालं की किडनी पाणी राखून ठेवते आणि त्याबरोबर युरियाही मागं राहतो. उन्हात ऊस तोडणारी, खुरपणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही. कधी पाणी लांब असतं म्हणून, कधी आडोसा नसतो म्हणून. तिच्या रक्तात युरिया वाढलेला दिसू शकतो. जुलाब-उलट्यांनंतरही तसंच. आतड्यात रक्तस्राव झाला असेल किंवा मांसाहार जास्त झाला असेल, तरी तो वाढतो.

दुसरं कारण ताट. जी बाई सगळ्यांच्या मागून जेवते, जिच्या वाट्याला भाकरी आणि पातळ आमटीच येते, तिच्या शरीरात युरिया मुळातच कमी बनतो. गरोदरपणातही रक्तातला युरिया कमी दिसतो. यकृत बिघडलं तरीही कमी. तेव्हा कमी आकडा म्हणजे किडनी ठणठणीत, असं समजू नका. किडनी थोडी बिघडलेली असली आणि ताटात डाळच नसली, तर कागदावरचा आकडा चांगला दिसून फसवू शकतो. शिवाय किडनीचं निम्म्याहून अधिक काम बंद पडेपर्यंत युरिया ठरलेल्या मर्यादेत राहू शकतो. म्हणून डॉक्टर सोबत क्रिएटिनिन बघतात आणि लघवीतली प्रथिनं बघतात. साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असलेल्या बाईनं लघवीची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. ब्राइट यांचा चमचा आणि मेणबत्ती आठवा. तीच परीक्षा आता एका पट्टीनं होते.

तिसरी गोष्ट कागदावरच्या नावाची. आमच्या एका गटातल्या मैत्रिणीकडं दोन वेगळ्या लॅबचे कागद होते. पहिल्यावर १८, महिन्यानंतरच्या दुसऱ्यावर ३८. घरच्यांनी धसका घेतला, किडनी गेली म्हणून शेळ्या विकायची बोलणी सुरू झाली. कागद नीट वाचले तर पहिल्यावर 'बीयूएन' होतं आणि दुसऱ्यावर 'ब्लड युरिया'. बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. अमेरिकेतल्या जुन्या रसायनतज्ज्ञांनी नायट्रोजन मोजायची रीत पाडली, ती तशीच राहिली. आपल्याकडं काही लॅब एक छापतात, काही दुसरं. बीयूएनला २.१४ नं गुणलं की युरिया मिळतो. १८ ला गुणा, ३८च्या आसपास येतात. दोन्ही आकडे एकच होते. शेरात आणि किलोत मोजलेलं धान्य जसं एकच असतं, तसं.

आणि कधी चोवीस तासांची लघवी मागितली, तर एवढं करा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहून ठेवा. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सगळी लघवी लॅबनं दिलेल्या डब्यात साठवा. डबा गार जागी ठेवा, नाही तर गोठ्यातल्यासारखेच जंतू युरिया फोडून टाकतील. एकदाची जरी चुकली तरी लाज न बाळगता लॅबमध्ये सांगा. अर्धवट मापावरचा हिशेब चुकीचाच येणार.

कागद हातात आला की तीन गोष्टी बघायच्या, असं आम्ही आमच्या गटांत ठरवलं आहे. नाव 'युरिया' आहे की 'बीयूएन'. शेजारी छापलेली मर्यादा काय आहे. आणि क्रिएटिनिन किती आहे. मग डॉक्टरांना आपणहून सांगायचं : पाणी किती पिते, जेवणात काय असतं, अंगदुखीच्या गोळ्या किती दिवस घेते. त्या गोळ्यांनीही किडनी बिघडते, आणि गुडघे-कंबर दुखते म्हणून आपण त्या सर्रास घेतो. आकडा लॅब देते, पण त्याच्या मागची ही माहिती फक्त आपल्याजवळ असते. ती दिल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही.

पुढच्या बैठकीला येताना घरातला जुना-नवा कुठलाही तपासणीचा कागद बरोबर घेऊन या. सगळ्याजणी मिळून वाचू. आणि शेतावर जाताना पाण्याची बाटली विसरू नका.